ऋतू बदलला की ट्रकचा फिल्टर का रुसतो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून दिलेले)



समितीने फोनवर सांगितले की प्रत्येकाने आपापल्या कामातली एक उपयोगाची गोष्ट पंधरा मिनिटांत सांगायची. माझ्या आधी डॉक्टर मित्र मधुमेहावर बोलले, वकील मैत्रीण सातबाऱ्यावर बोलली. माझे काम ट्रकच्या खाली झोपून चालते. दहावीनंतर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतला, काही वर्षे नागपुरात दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि नंतर साकोलीच्या बाजूला हायवेवर स्वतःचे गॅरेज टाकले. त्यामुळे मी बोलणार तेही धुराबद्दलच.

विषय ऐकून मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला, तो मी ऐकला. तेव्हाही मागच्या बाकावरूनच यायचा. पण या मंडपात किती जण ट्रकशी बांधलेले आहेत ते एकदा बघा. कुणाची स्वतःची गाडी आहे, कुणाचा भाऊ चालवतो, कुणाची राईस मिल आहे आणि तिथे रोज गाड्या लागतात, कुणी बँकेत बसून ट्रकचे कर्ज मंजूर करतो. आणि जे यातले कुणीच नाहीत त्यांची मुले रस्त्याच्या कडेने सायकलने शाळेत जातात. म्हणून हा विषय सगळ्यांचा आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 गाड्या आल्या. त्याच्या आधी 24 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की 31 मार्च 2020 नंतर बीएस-4 गाडी विकता येणार नाही. त्यासाठी डिझेलही बदलले. बीएस-3 च्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत 350 होते, बीएस-4 मध्ये 50 आणि बीएस-6 मध्ये फक्त 10. गंधक कमी झाल्याशिवाय नव्या सायलेन्सरमधली रसायने टिकली नसती. आता ट्रकच्या पोटाखाली जो मोठा डबा दिसतो, तो साधा सायलेन्सर राहिलेला नाही. त्यात आधी एक कॅटॅलिस्ट असतो, त्याच्या मागे काजळी धरणारा फिल्टर, ज्याला आपण डीपीएफ म्हणतो, आणि त्याच्या मागे युरियाच्या फवाऱ्याने नायट्रोजनचे ऑक्साइड मारणारा भाग.

फिल्टर म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी मातीची भाजलेली वीट. तिच्यात हजारो बारीक नळ्या असतात. एक नळी पुढून उघडी आणि मागून बंद, शेजारची पुढून बंद आणि मागून उघडी. धूर एका नळीत शिरतो, पण पुढे रस्ता नाही म्हणून भिंतीतून पाझरत शेजारच्या नळीत जातो. वायू पार होतो आणि काजळी भिंतीवर राहते. आपल्या घरी मातीच्या माठातून पाणी झिरपते, तसेच काहीसे.

प्रयोगशाळेत सरांनी मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीवर काचेची पट्टी धरायला लावली होती आणि ती काळी झाली होती, ते आठवत असेल. सरांनी तेव्हा सांगितले होते की हे न जळलेले कार्बनचे कण आहेत. माझ्या सगळ्या धंद्याचे शास्त्र त्या एका पट्टीवर आहे. इंजिनमध्ये डिझेल पूर्ण जळले नाही की हेच कण बाहेर येतात आणि फिल्टरमध्ये बसतात.

आता साठलेल्या काजळीचे काय करायचे? ती जाळायची. तिला नुसत्या ऑक्सिजनमध्ये जाळायला 600 अंशांच्या आसपास तापमान लागते. पण पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याच्या मदतीने 250 ते 400 अंशांतही काजळी हळूहळू जळत राहते. माल भरलेली गाडी हायवेवर चांगल्या वेगाने धावत असेल तर हे काम आपोआप होते, ड्रायव्हरला कळतही नाही. तेवढी उष्णता मिळाली नाही की गाडीचा कॉम्प्युटर जास्तीचे डिझेल सोडतो, ते कॅटॅलिस्टवर जळते आणि फिल्टर 600 पर्यंत तापवला जातो. याला रिजनरेशन म्हणतात, ड्रायव्हर लोक 'रिजन' म्हणतात. तेही जमले नाही तर डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग गाडी उभी करून बटण दाबून रिजन करावे लागते. त्याकडेही दुर्लक्ष झाले तर इंजिनची ताकद कापली जाते, गाडी बैलगाडीसारखी रांगते आणि शेवटी लॅपटॉप लावल्याशिवाय सुटत नाही.

एक फरक नीट लक्षात ठेवा. काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन ऑइलमधल्या रसायनांची थोडी थोडी राख फिल्टरमध्ये साठत जाते आणि ती कितीही तापवली तरी तिथेच राहते. चुलीतले लाकूड जळून जाते, पण राख हाताने काढावी लागते. तसेच काही लाख किलोमीटरनंतर फिल्टर उतरवून राख साफ करावी लागते. म्हणून बीएस-6 ला कमी राखेचे ऑइलच लागते. दोनशे रुपये वाचवायला जुने स्वस्त ऑइल टाकले, तर ती बचत फिल्टरमध्ये जाऊन बसते.

इथपर्यंतचे कंपनीच्या पुस्तकातही आहे. पुस्तकात जे नाही ते मला गॅरेजच्या वहीत सापडले. गाडी आली की मी तारीख, माल, रस्ता आणि हवा लिहून ठेवतो. दोन-तीन वर्षांची पाने उलटल्यावर ध्यानात आले की दिवा तोच असतो, पण हिवाळ्यात तो एका कारणाने लागतो, उन्हाळ्यात दुसऱ्या आणि पावसाळ्यात तिसऱ्या.

हिवाळ्यापासून सुरू करतो, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त गाड्या याच दिवसांत येतात. नागपूर-गोंदियाकडे रात्री पारा 10 च्या खाली उतरतो. तुम्ही म्हणाल, 600 अंशांच्या हिशोबात बाहेरचे 10-20 अंश काय मोजायचे? खरे आहे, धावत्या भरल्या गाडीला फारसा फरक पडत नाही. फरक उभ्या गाडीला पडतो. चालू ठेवून उभ्या केलेल्या इंजिनचा धूर दीडशे अंशांच्या आतबाहेर असतो आणि थंडीत डब्यापर्यंत येता येता तोही निवतो. त्यात कॅटॅलिस्ट जागाच होत नाही. काजळी साठते, पण जळत नाही.

आणि आपल्याकडे थंडीत गाड्या उभ्याच असतात. हलके धान निघाले, मग भारी धान निघाले, की खरेदी केंद्र, मिल आणि गोदाम अशा फेऱ्या सुरू होतात. गोदामासमोर रात्रभर रांग असते. तासाने गाडी दोन गाड्यांइतकी पुढे सरकते. थंडी वाजते म्हणून ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही. सकाळी पोती उतरली की दहा किलोमीटरवर परत मिल. इंजिन गरम होण्याआधी फेरी संपते. अशा दहा फेऱ्या केल्या तर गाडी डिझेल खाते, पण फिल्टरला एकदाही जाळ मिळत नाही. त्यातच कॉम्प्युटरने रिजन सुरू केले आणि ड्रायव्हरने मध्येच चावी काढली, तर सोडलेले जास्तीचे डिझेल काही गाड्यांत इंजिन ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पातळी कमी व्हायची ती वाढलेली दिसते. लोक खूश होतात की ऑइल खात नाही. ते खूश होण्यासारखे नसते, ऑइल पातळ झालेले असते.

हिवाळ्यातला दुसरा चोर म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनचे पाणी गरम होईपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटी झडप. ती उघडी अडकली तर मे महिन्यात कुणाला पत्ताही लागत नाही, कारण हवाच इतकी गरम असते. डिसेंबरात मात्र पाण्याचा काटा अर्ध्यावरही चढत नाही. पाणी ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय कॉम्प्युटर रिजनला परवानगी देत नाही. बिघाड झडपेत आणि दिवा फिल्टरचा, असा हा प्रकार आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते, ते वाफेच्या रूपात धुरातून जाते. थंड सकाळी सायलेन्सरच्या टोकातून थेंब पडतात ते हेच पाणी. फिल्टरच्या पुढचा आणि मागचा दाब मोजायला दोन बारीक नळ्या एका सेन्सरला जोडलेल्या असतात. त्या नळीला कुठे झोळ पडला असेल तर तिथे पाणी आणि काजळीचा चिखल साचतो. मग सेन्सर खोटे सांगतो. फिल्टर रिकामा असून भरल्याचा दिवा लागतो, किंवा भरलेला असून लागत नाही. कित्येकदा नवी नळी आणि योग्य उतार एवढ्यावर काम भागते.

आपल्यापैकी ज्यांच्या गाड्या उत्तरेकडे डोंगरात जातात त्यांच्यासाठी एक वाक्य. खूप थंडीत डिझेलमधले मेण गोठते आणि इंधनाचा फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 च्या नोव्हेंबरमध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे वेगळे हिवाळी डिझेल काढले, ते याच कारणाने. तिकडे चढताना इथली टाकी भरून नेऊ नका, तिकडचे डिझेल तिकडेच भरा. युरियाचे द्रावणही उणे 11 ला गोठते, पण ते गाडीच्या गरम पाण्याने वितळवण्याची सोय असते, त्याची भीती बाळगू नका.

आता उन्हाळा. सगळ्यांना वाटते की उन्हात फिल्टर मजेत असेल. काही अंशी ते खरे आहे, पण पारा 45 च्या वर गेला की दुसरी रडगाणी सुरू होतात. गरम हवा विरळ असते. 10 अंशांच्या हवेपेक्षा 45 अंशांची हवा तेवढ्याच जागेत साधारण 11 टक्के कमी मावते. टर्बो आणि इंटरकुलर ती तूट बरीच भरून काढतात, पण इंटरकुलरवर धूळ, पाचोळा आणि भुसा बसलेला असेल तर नाही. त्यात एअर फिल्टर धुळीने भरलेला. हवा कमी आणि डिझेल तेवढेच, म्हणजे मेणबत्तीची पिवळी ज्योत. काजळी वाढली. उन्हाळ्यात डीपीएफचा दिवा लागला की मी आधी डीपीएफ बघत नाही, एअर फिल्टर, इंटरकुलर आणि टर्बोचे होज बघतो.

उन्हाळ्याचा दुसरा बळी म्हणजे डीईएफ, आपल्या भाषेत गाडीचा युरिया. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो 25 अंशांत ठेवला तर 18 महिने टिकतो, 30 अंशांत 12 महिने आणि 35 अंशांत फक्त 6 महिने. आणि आपण काय करतो? दुकानासमोर बादल्या उन्हात रचून ठेवतो. उष्णतेने त्यातून अमोनिया सुटतो, द्रावण बिघडते, पांढरे खडे नळीत आणि सायलेन्सरमध्ये बसतात. मग दुसरा दिवा लागतो आणि कधी कधी त्या दिव्यामुळे रिजनही अडते. बादली सावलीत ठेवा, तारीख बघून घ्या.

इथे हात जोडून सांगतो. शेतातला युरिया पाण्यात कालवून गाडीत टाकू नका. मी हे का सांगतो ते समोरच्या काही मित्रांना कळले, म्हणूनच ते हसले. 2015 पासून देशातला शेतीचा सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप लावलेला असतो. तो धानाला चांगला, कॅटॅलिस्टला विष. पन्नास रुपयांच्या बचतीपायी लाखाचा डबा जातो.

उन्हाळ्यातली सगळ्यात गंभीर गोष्ट आता सांगतो. ही पैशाची नाही, जिवाची आहे. रिजन चालू असताना त्या डब्यात 600 अंश असतात आणि बाहेर पडणारा वायूही नेहमीपेक्षा कितीतरी तापलेला असतो. मे महिन्यात आपल्याकडे तेंदूपत्त्याचे काम चालते. गाड्या जंगलातल्या फडीवर जातात आणि वाळलेल्या पानांच्या गादीवर उभ्या राहतात. हिवाळ्यात त्याच गाड्या खळ्यावर तनशीच्या ढिगाला खेटून उभ्या असतात. गाडी उभी असताना रिजन करायचे असेल तर जागा आधी बघा. खाली पाला नको, तनस नको, डांबर वितळलेले नको, वर पत्र्याचे छप्पर नको आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर माणूस, बैल, पोते काहीच नको. बऱ्याच गाड्यांत रिजन थांबवण्याचे बटण असते. खळ्यावर, पेट्रोल पंपावर, फडीवर जाताना ते दाबा. आणि बाहेर निघाल्यावर आठवणीने सोडा. बटण दाबून विसरलेल्या गाड्या माझ्याकडे दर हंगामात येतात. महिनाभर रिजन बंदच असते आणि ड्रायव्हर म्हणतो, "भाऊ, काऊन असा दिवा लागते जी?"

पावसाळ्यात तिसरीच तऱ्हा. रोवणी सुरू झाली की अर्ध्या गाड्यांना काम नसते. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहते. अर्धी भरलेली टाकी दमट हवा ओढते, पाणी तळाशी साचते. ते पाणी इंजेक्टरपर्यंत पोचले की फवारा बिघडतो आणि बिघडलेला फवारा म्हणजे काजळी. म्हणून उभी ठेवायची गाडी टाकी भरून ठेवा आणि इंधन फिल्टरखालचा पाण्याचा नळ आठवड्याला सोडा. दर आठवड्याला पाच मिनिटे चालू करून 'बॅटरी चार्ज' करण्याची जी सवय आहे, ती फिल्टरला मारक आहे. चालू करायची तर माल असो-नसो, अर्धा तास हायवेवर नेऊन आणा. नाहीतर बॅटरीची वायर काढून ठेवा.

पावसात एअर फिल्टरचा कागद ओला होऊन चिकटतो. कनेक्टरमध्ये पाणी जाऊन हिरवा गंज चढतो. नाल्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालतो, तेव्हा तापलेल्या डब्यावर आणि सेन्सरवर थंड पाणी आदळते. 2020 च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पुरात उभ्या राहिलेल्या नव्या गाडीचा प्रश्न जुन्या गाडीसारखा ऑइल बदलून सुटत नाही. सायलेन्सरच्या तोंडातून चिखल आत गेला तर तो त्या बारीक नळ्यांत बसतो. अशी गाडी चावी मारून बघू नका, आधी टोचन करून आणा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. एवढे सगळे सांगायचे कारण काय?

दोन हिवाळ्यांमागे एक ड्रायव्हर माझ्याकडे आला. पोरगा आपल्याच भागातला, तीस-बत्तीसचा. एका महिन्यात गाडी तीनदा ताकद कापून उभी राहिली होती. मालकाने ठरवले की हा गाडी नीट चालवत नाही आणि दोन वेळच्या रिजनचा खर्च त्याच्या पगारातून कापला. तिसऱ्या वेळी कामावरून काढतो म्हणाला. पोरगा म्हणाला, "दिवा लागला की मी तं रोडच्या बाजूला उभी करून बटण दाबतोच जी. पण पूरा होतच नाही." मी लॅपटॉप लावायच्या आधी गाडी चालवून बघितली. अर्धा तास झाला तरी पाण्याचा काटा चढेना. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला. इंजिन गरमच होत नव्हते, तर रिजन पूर्ण कसे होणार? झडप बदलली, फिल्टर एकदा साफ केला, गाडी सुरळीत झाली. मी मालकाला गॅरेजवर बोलावले आणि जुनी झडप थंड पाण्याच्या ग्लासात टाकून दाखवली. थंड पाण्यात ती बंद असायला पाहिजे, ती उघडीच होती. मालक काही वेळ बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने पगारातले पैसे परत केले, हे मला त्या पोराकडून कळले.

प्रत्येक वेळी ड्रायव्हर निर्दोष असतो असे मी म्हणत नाही. पण दिवा लागला म्हणजे ड्रायव्हर चुकला, असे समजू नका. फिल्टर हा बहुतेक वेळा आजारी नसतो, तो आजार दाखवतो. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडत नाहीत. गाडीचा मालक इथे बसला असेल तर त्याला माझी विनंती आहे, पगार कापण्याआधी कारण शोधा.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती. हायवेवर आज बरेच जण सांगतात, "कटकट कशाला? वीट काढून टाकू, कॉम्प्युटरमध्ये बंद करून देऊ." पंधरा-वीस हजारांत डबा रिकामा होतो. ज्याचा महिन्याचा हप्ता पन्नास हजारांचा आहे आणि गाडी तीन दिवस उभी आहे, त्याला हा सल्ला देवासारखा वाटतो. मला त्याचा राग येत नाही. मी त्याच्या जागी बसून विचार करू शकतो. पण मी ते काम करत नाही, आणि का करत नाही ते सांगतो.

पहिले कारण कायद्याचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. दुसरे कारण धंद्याचे. वीट काढली तरी काजळी तयार होण्याचे कारण तिथेच राहते. गळका टर्बो, खराब इंजेक्टर, तुंबलेला इंटरकुलर, कशाचाच दिवा आता लागणार नाही. मग एक दिवस थेट इंजिनच बसते.

तिसरे कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठे. 2012 च्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्या यादीत तंबाखूही आहे. ती वीट जे धरून ठेवते, ते आपण काढल्यावर कुठे जाते? आपण ज्याला अजूनही सहा नंबर म्हणतो, तो आताचा 53 नंबरचा हायवे लाखनीतून, साकोलीतून, देवरीतून जातो. त्याच्या कडेला शाळा आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत, बस थांब्यावर उभ्या असलेल्या पोरी आहेत. सगळ्यात जास्त धूर कोण खातो? रांगेत मागे उभा असलेला दुसरा ड्रायव्हर. म्हणजे आपलाच माणूस.

मग गरिबाने करायचे काय? मी चार गोष्टी सांगतो, खर्च फार नाही.

पहिली, दिवाळीच्या आधी, म्हणजे मंडईच्या दिवसांच्या तोंडावर, थर्मोस्टॅट आणि दाबाच्या नळ्या तपासून घ्या. उन्हाळ्याआधी इंटरकुलर धुवा आणि एअर फिल्टर बदला. पावसाळ्याआधी कनेक्टर आणि पाण्याचा नळ बघा. ऋतू बदलण्याआधी तपासणी, ऋतू बदलल्यावर नव्हे. शेतकऱ्याच्या पोरांना हे वेगळे सांगायला नको, आपण पऱ्हे टाकण्याआधीच बांधी दुरुस्त करतो.

दुसरी, गाडी जवळच्या फेऱ्यांवर असेल तर आठवड्यातून एकदा भरलेली गाडी तासभर एका दमात चालेल अशी फेरी लावा. साकोलीहून मोहघाट्याचे जंगल ओलांडून भंडाऱ्यापर्यंत, किंवा उलट देवरीपर्यंत. तोच फिल्टरचा व्यायाम.

तिसरी, रिजन सुरू असेल तर ते पूर्ण होऊ द्या. वीस-पंचवीस मिनिटे, कधी त्याहून जास्त. ढाब्यावर वरण-भात थंड झाला तरी चालेल.

चौथी विनंती मिल आणि गोदामवाल्या मित्रांना. तुमच्या दारात रात्री उभ्या असलेल्या गाड्यांना नंबराची चिठ्ठी द्या, वेळ सांगा. ज्याचा नंबर चार तासांनी आहे तो इंजिन बंद करून झोपेल. एक पत्र्याची शेड, एक शेकोटीची जागा गाड्यांपासून आणि तनशीपासून लांब, एवढे केले तरी डिझेल वाचेल, फिल्टर वाचेल आणि माणसाची झोप होईल. मागच्या हंगामात आपल्याच एका वर्गमित्राने त्याच्या मिलवर हे सुरू केले. त्याच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर मला सांगतात म्हणून मला ठाऊक. तो स्वतः सांगणार नाही, म्हणून मी सांगितले.

गुरुजनांना शेवटी एक विनंती. आपल्या शाळेतल्या ज्या मुलांना पुढे आयटीआयला जायचे आहे, त्यांना एक दिवस माझ्याकडे पाठवा. जुना फिल्टर मी मधोमध कापून ठेवला आहे. एक नळी बंद, एक उघडी, भिंतीवरची काजळी आणि तळाची राख, सगळे डोळ्यांनी दिसते. रसायनशास्त्राचा तास तिथे अर्ध्या वेळात होईल. येण्याजाण्याचा आणि दुपारच्या जेवणाचा खर्च माझ्याकडे. मुलींनाही पाठवा, लॅपटॉप लावून बिघाड शोधायला दंडाची ताकद लागत नाही.

समितीने पंधरा मिनिटे दिली होती, मी जरा जास्त घेतली. नंतरच्या वक्त्याची माफी मागतो. गाडीचे काही विचारायचे असेल तर जेवणाच्या पंगतीत विचारा, मी शेवटपर्यंत आहे. फक्त बाहेर मंडपाच्या मागे जी नवी गाडी तनशीला लागून उभी आहे, ती ज्याची असेल त्याने आधी पुढे घ्यावी.